मदत हवी आहे: एक्सरे नॉर्मल, तरी अंगठ्याच्या बुडाशी मनगट दुखतंय. पुढे काय?

मागवाला
भाऊ, वय 24, अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागावर कामाला. सहा दिवसांपूर्वी गाडी घसरून उजव्या तळहातावर पडला. समोरून आणि बाजूने असे दोन फोटो काढले, रिपोर्ट नॉर्मल. क्रेप बँडेज बांधून सोडलंय. सूज उतरली, पण चहाचा कप उचलला तरी कळ येते. परत एक्सरे, सीटी की एमआरआय? खर्च एकदाच झेपेल.

डार्करूम
आधी एक बघा. अंगठा वर ताणला की मनगटाच्या कडेला खळगा पडतो, पूर्वी तपकिरीची चिमूट ठेवायचे तो. तिथे बोटाने दाबल्यावर दुखतं का? अंगठा सरळ मनगटाकडे रेटल्यावर? दुखत असेल तर मनगटातलं स्कॅफॉइड नावाचं हाड मोडलंय असंच धरून चालायचं, रिपोर्ट काहीही म्हणो.

हे काजूएवढं हाड मनगटात तिरकं बसलेलं असतं. साध्या फोटोत ते आखडून दिसतं आणि केसाएवढी चीर त्यात लपते. म्हणून 'स्कॅफॉइड व्ह्यू' मागा: तळहात उपडा, पंजा करंगळीकडे वळवलेला, एक्सरेची नळी 20 अंश कोपराकडे कललेली. चिठ्ठीवर नुसतं 'रिस्ट एपी-लॅटरल' (मनगट समोरून-बाजूने) असेल तर टेक्निशियन तेवढंच काढणार, त्याचा दोष नाही.

मागवाला
खळग्यात दाबलं की ओरडतोय. म्हणजे उद्याच स्कॅफॉइड व्ह्यू काढू?

हाडांचा_ओपीडी
उद्या आधी प्लास्टर, कोपराखालपर्यंत. अंगठा आत घ्यायचा की नाही यावर आमच्यातच एकमत नाही, तुमचे डॉक्टर ठरवतील. क्रेप बँडेजने मनगट हलायचं थांबत नाही.

मग दोन वाटा. स्वस्त वाट: पडल्यापासून 10 ते 14 दिवसांनी पुन्हा फोटो. तोवर चिरेच्या कडेचं हाड विरघळून फट रुंदावते, म्हणून आधी न दिसलेली रेघ दिसते. दुसरी वाट एमआरआय, त्याला थांबावं लागत नाही. त्याच्या टी1 प्रकारच्या चित्रात काळी रेघ, स्टिर प्रकारच्या चित्रात भोवती पांढरी सूज दिसते. इंजेक्शनची गरज नाही. आणि तो स्वच्छ आला तर प्लास्टर लगेच निघतं, मागावरचे खाडे वाचतात. रोजंदारीवर असेल तर हिशेब करून बघा, एमआरआयच परवडेल.

सीटी आत्ता नको. न सरकलेली बारीक चीर त्यातही निसटू शकते. फ्रॅक्चर नक्की झाल्यावर तुकडे किती सरकलेत हे बघायला सीटी उत्तम, तेही हाडाच्या लांबीच्या रेषेत काप घेतले तर. 1 मिमी किंवा जास्त सरकले असतील तर ऑपरेशन करून स्क्रू बसवण्याचं बोलावं लागतं.

घाई का, तर या हाडाला रक्त बोटांकडच्या टोकातून शिरून उलटं मनगटाकडे जातं. मधे मोडलं की मागचा तुकडा उपाशी राहतो. चोळणं, मालीश पूर्ण बंद.

डार्करूम
दहा दिवसांचा फोटो काढायचा ठरला तर प्लास्टर उतरवून काढा. वरून काढला तर प्लास्टरच्या दाण्यात ती रेघ हरवते. आणि पहिली फिल्म सोबत न्या, शेजारी ठेवूनच फरक कळतो.