खलनायक, खलपुरुष की प्रतिनायक?

विचारणा (सातारा): कॉलेजच्या भित्तिपत्रिकेसाठी चित्रपटांतल्या खलनायकांवर लिहितेय. सरांनी सगळीकडे 'खलनायक' खोडून 'खलपुरुष' केलं. म्हणाले, खल असेल तो नायक कसा? 'प्रतिनायक' म्हणजेही हाच का?

उत्तर (सांगली): ताई, 'खलनायक' खुशाल ठेवा. 'नायक' शब्द 'नी' म्हणजे नेणे या धातूवरून आलाय. ज्या दुष्टाच्या करणीनं गोष्ट पुढं सरकते, तो खलनायक. त्याचे गुंड, कान भरणारा कारकून ही नुसती खलपात्रं. 'खलपुरुष' चूक नाही, पण त्यातून माणूस वाईट आहे एवढंच कळतं. 'प्रतिनायक' ही नाट्यशास्त्रातली संज्ञा. 'दशरूपक' या जुन्या संस्कृत नाट्यग्रंथात तो लोभी, उद्धट, पापी, व्यसनी असा नायकाचा शत्रू सांगितलाय. रामासमोरचा रावण तसा. आज मात्र नायकाच्या विरोधात उभ्या राहिलेल्या भल्या माणसालाही प्रतिनायक म्हणतात.

लेखात पसायदानातली 'जे खळांची व्यंकटी सांडो' ही ओळ जरूर घ्या. व्यंकटी म्हणजे वाकडेपणा. खळ मरोत असं माउली म्हणत नाहीत, वाकडेपणा जावो म्हणतात. म्हणजे मुळात काहीतरी सरळ, चांगलं त्याच्यात आहे. लक्षात राहणाऱ्या खलनायकात मला नेमकं हेच दिसतं.

आमच्या सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं. त्या काळच्या नाटकांत राक्षस 'अलल्डुर्र' अशी आरोळी ठोकत यायचे. आरोळी आजही सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्यातला एखादा राक्षस नावानिशी कुणाला आठवतो? उलट इथल्याच हरिपूरच्या देवलांचा, 'शारदे'तला भुजंगनाथ बघा. नातीच्या वयाच्या मुलीशी लग्न करायला निघालेला म्हातारा. आरडाओरडा नाही, मारामारी नाही. आपण काही वावगं करतोय असं त्याला वाटतच नाही, म्हणून त्याची जास्त चीड येते.

(वाई): पण दादा, आवाज आणि लकब नको का? निळू फुल्यांचा आवाज नुसता कानावर पडला तरी अंगावर काटा यायचा.

(सांगली): हवीच. पण 'सामना'तला त्यांचाच हिंदुराव धोंडे पाटील आठवा. १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात गेलेला चित्रपट. हिंदुराव साखरसम्राट. रस्त्यावरच्या दारुड्या मास्तराला तो घरी आणतो, खाऊपिऊ घालतो, अगत्यानं बोलतो. ते अगत्य खोटं नाही. गावासाठी राबल्याचा त्याचा अभिमानही खोटा नाही. मास्तर मात्र एकच विचारत राहतो, 'मारुती कांबळेचं काय झालं?' आणि प्रत्येक वेळी त्या पाहुणचाराचा रंग बदलतो. आपल्या ऊसपट्ट्यातल्या प्रेक्षकाला हा माणूस परका वाटत नाही. त्यानं असा कर्तबगार माणूस पाहिलेला असतो, त्याला नमस्कारही घातलेला असतो. नकला आवाजाच्या होतात, पण मनात रुतून बसतं ते त्या अगत्यामागचं भय.

(सातारा): मग हिंदुरावाला खलनायक म्हणू ना?

(सांगली): म्हणा. गोष्ट त्याच्याच कृत्याभोवती फिरते. फक्त 'क्रूरकर्मा', 'नराधम' असली विशेषणं लावू नका. त्यानं तो पुन्हा आरोळी ठोकणारा राक्षस होईल.

(कराड): 'खल करणे' यातला खल हाच का?

(सांगली): नाही, तो खलबत्त्यातला. घोटून घोटून चर्चा करणे.

(सातारा): आणि बाई असेल तर?

(सांगली): खलनायिका. सून छळणारी प्रत्येक सासू मात्र खलनायिका नव्हे, तिच्यामुळं कथा हलत असेल तरच.