टाइमलाइनवर ट्रिम करताना कड भलतीकडेच चिकटते

प्रश्न
एडिटिंग सॉफ्टवेअरच्या टाइमलाइनचं डिझाइन चालू आहे. ट्रिम करताना, म्हणजे क्लिपची कड ओढून तिची लांबी बदलताना, स्नॅपिंगची (कड जवळच्या कटला, म्हणजे दोन क्लिपच्या सांध्याला, आपोआप चिकटण्याची) मर्यादा 10 फ्रेम ठेवली आहे. झूम इन केलं की क्लिपची कड लांबूनच शेजारच्या कटला चिकटते, झूम आउट केलं की चिकटतच नाही. शिवाय रोल (बाकी ट्रॅक जागेवर ठेवून फक्त कट सरकवणं) करायला जावं तर रिपल होतं, म्हणजे एकाच क्लिपची लांबी बदलते आणि पुढचा सगळा ट्रॅक सरकतो. काय बदलावं?

उत्तर 1
मर्यादा फ्रेममध्ये मोजली, तिथेच चुकलं. एक फ्रेम 20 पिक्सेल रुंद दिसत असेल तर 10 फ्रेम म्हणजे 200 पिक्सेल; कड चिकटणारच. पिक्सेलमध्ये मोजा: साधारण 8 पिक्सेलवर चिकटू द्या, 12 वर सुटू द्या. दोन्ही आकडे सारखे ठेवलेत तर हात जरा हलला की कड थरथरते. ड्रॅग चालू असतानाच एक की दाबून स्नॅपिंग बंद करता आलं पाहिजे.

उत्तर 2
रोल-रिपलसाठी कटच्या मधोमध रोलचा पट्टा आणि दोन्ही बाजूंना रिपलचे पट्टे, प्रत्येकी 6 पिक्सेल. बटण दाबण्याआधीच कर्सर बदलायला हवा. क्लिप 20 पिक्सेलहून अरुंद झाली की हे पट्टेच तिला गिळतात, मग ती निवडताही येत नाही. इतक्या अरुंद क्लिपवर पट्टे काढून टाका. क्लिपचं मूळ फुटेज संपलं की कड लाल करा, नाहीतर ट्रिम अडकलं असं वाटतं.

उत्तर 3
पिक्सेलचं पटलं, पण माउसवर एवढी भिस्त नको. 25 फ्रेमच्या हिशेबाने एक तासात 90,000 फ्रेम. टाइमलाइन 1,800 पिक्सेल रुंद असेल तर एका पिक्सेलमागे 50 फ्रेम, म्हणजे 2 सेकंद! तिथे नेमकी फ्रेम माउसने पकडता येणारच नाही. ट्रिम सुरू होताच जाणाऱ्या क्लिपची शेवटची आणि येणाऱ्या क्लिपची पहिली फ्रेम शेजारी शेजारी दाखवा, आणि कीबोर्डवरून 1 व 5 फ्रेम सरकवायची सोय द्या. एडिटर कट ठरवतो तो चित्र बघून.

प्रश्नकर्ता
दोन फ्रेम दाखवून पाहिल्या. ड्रॅग करताना एच.264 (व्हिडिओ दाबून लहान करायची एक पद्धत) फुटेज अडखळतं, सोबत कर्सरही.

उत्तर 3
डीकोडिंग (दाबलेल्या व्हिडिओतून चित्र उलगडणं) वेगळ्या थ्रेडवर, म्हणजे कर्सरच्या कामापासून स्वतंत्र, न्या, आणि रांगेतल्या जुन्या मागण्या टाकून फक्त ताजी ठेवा. अशा फुटेजमध्ये मधली फ्रेम हवी असली तरी मागच्या की-फ्रेमपासून (पूर्ण चित्र साठवलेल्या फ्रेमपासून) डीकोड करत यावं लागतं. त्यामुळे हात हलत असताना जवळची की-फ्रेम चालेल, पण थांबताच नेमकी फ्रेम आलीच पाहिजे. ती येईपर्यंत चित्रावरचा टाइमकोड (फ्रेमची वेळ दाखवणारा आकडा) फिका ठेवा, नाहीतर एडिटर चुकीच्या चित्रावर कट मारेल.