मदत हवी आहे: अमेरिकेतल्या जपानी कुटुंबांच्या छावण्या मुलांना कशा समजावू?

नमस्कार मंडळी. सातवी-आठवीच्या मुलांसाठी या विषयावर मराठीत लिहिते आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिका जपानशी लढत असताना, १९ फेब्रुवारी १९४२ला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी आदेश क्र. ९०६६वर सही केली आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० माणसांना घरं, शेती, दुकानं सोडून काटेरी तारांआड जावं लागलं. त्यातले जवळपास दोन तृतीयांश जन्माने अमेरिकन नागरिक होते.

अडलंय ते १९४३ला छावण्यांतल्या लोकांकडून सरकारने भरून घेतलेल्या निष्ठेच्या प्रश्नावलीपाशी. अठ्ठाविसाव्या प्रश्नात जपानी सम्राटाशी असलेली निष्ठा नाकारायची होती. पण जपानहून आलेल्या पहिल्या पिढीला १९५२पर्यंत अमेरिकेचं नागरिकत्व घेताच येत नव्हतं. म्हणजे ‘हो’ म्हटलं तर कुठलाच देश उरत नाही, आणि ‘नाही’ म्हटलं की रवानगी ‘निष्ठा नसलेल्यां’ना वेगळं ठेवण्याच्या टुली लेकच्या छावणीत. एवढी क्रूर कोंडी मुलांना कशी सांगावी? शिक्षकांनी कृपया सुचवा.

१९८८ला सरकारने माफी मागितली, हयात असलेल्यांना प्रत्येकी २०,००० डॉलर दिले. मला मात्र त्याहून महत्त्वाचं वाटतं ते घराघरांतलं मौन. कित्येक आईवडील मुलांशी यावर वर्षानुवर्षं बोललेच नाहीत. अशा आठवणींचा मराठी अनुवाद कुणाच्या पाहण्यात आहे का? कॅलिफोर्नियात राहणाऱ्या कुणी तिथल्या मान्झानार छावणीची जागा पाहिली असेल, तर तिथे मुलांना काय दाखवतात तेही कळवा.