गोष्ट संपली की 'काय शिकलास?' विचारणं बंद करावं का?

शाईचा डाग (धागाकर्ती): पहिली-दुसरीतलं मूल पुस्तक मिटतं न मिटतं तोच आपण विचारतो, "काय शिकलास?" या एका प्रश्नाने गोष्टीचा गृहपाठ होतो. मुलांना पुस्तक निवडू द्या, कंटाळा आला तर अर्धवट टाकू द्या, तेच पुन्हा पुन्हा वाचू द्या. आणि पानांच्या हिशोबाने चांदण्या, बक्षिसं देणं थांबवा. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांच्या १९७३ च्या प्रयोगात बक्षीस कबूल करून चित्रं काढून घेतलेली लहान मुलं पुढे मोकळ्या वेळात चित्रांकडे कमी वळली. वाचनाचंही तसंच होतं, असं माझं ठाम मत आहे.

कोरा कागद: असहमत. त्या प्रयोगातल्या मुलांना चित्रकला मुळातच आवडत होती. ज्याला वाचणंच जड जातं त्याचं काय? तिसरीतली मुलगी 'स्वातंत्र्य'वर बोट ठेवून स्वा... तं... करत अडते. शब्द जुळेपर्यंत वाक्याची सुरुवात विसरलेली असते. तिला गोडी लागणार कुठून? वाचनावर संशोधन करणारे मानसशास्त्रज्ञ कीथ स्टॅनोविच यांनी १९८६ मध्ये हेच मांडलं होतं: ज्यांना जमतं ती जास्त वाचतात आणि पुढे जातात, बाकीची वाचन टाळतात आणि आणखी मागे पडतात. नुसत्या मोकळिकीने ही दरी वाढेल. रोजचा सराव हवाच, आणि त्यासाठी चांदणी लागली तर तीही द्यावी.

शाईचा डाग: मुद्दा रास्त आहे, सराव हवाच. पण त्याच मुलीला तिच्या आवडीची गोष्ट रोज वाचूनही दाखवा. ऐकून तिला कितीतरी अवघड गोष्टी कळतात. तिथे तरी तिला अडखळावं लागत नाही.

पानगळ: माझा मुलगा फक्त डायनासोर वाचतो. अशाने चौफेर वाचन कसं होणार?

शाईचा डाग: वाचू द्या की! शेजारी जीवाश्मांचं, ज्वालामुखीचं एखादं पुस्तक नुसतं ठेवा, आग्रह नको.

पानगळ: परवा तेच पुस्तक वाचताना म्हणाला, "टी-रेक्सच्या हाताला दोनच बोटं असतात, चित्रात तीन काढलीत." आधीच्या वाचनात हे त्याला दिसलं नव्हतं. तेव्हा पुन्हा पुन्हा वाचण्यापुरती मी सहमत.

कोरा कागद: चांदणीबद्दल माझं मत तेच आहे. 'काय शिकलास' सोडून देईन, पण 'मग पुढे काय झालं?' हे विचारणारच. त्याशिवाय तिला कुठे समजलं नाही हे मला कळणार कसं?