मदत हवी आहे: डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय टेनिस स्पर्धेला जायचंय, दुहेरीच्या जोडीदाराची अँजिओप्लास्टी झाली आहे

नमस्कार मंडळी,

मी सांगलीत भूलतज्ज्ञ आहे. इथे बरीच वर्षं वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. टेनिस, व्हिसा आणि हृदयविकार असं तिन्ही एकत्र आल्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

वर्ल्ड मेडिकल टेनिस सोसायटी ही डॉक्टरांची आंतरराष्ट्रीय संस्था दर वर्षी वेगळ्या देशात टेनिसचा मेळावा भरवते. वयोगटांनुसार एकेरी, दुहेरी, मिश्र दुहेरी, देशादेशांच्या संघांचा नेशन्स कप, आणि जोडीला वैद्यकीय व्याख्यानं. आठवडाभर ओपीडी, ऑपरेशनं आणि रात्रीचे कॉल सांभाळून जे रॅकेट हातात धरतात, त्यांच्यासाठीची ही स्पर्धा आहे. (फ्रान्समधल्या कान शहरात १९७८ साली सुरू झालेले मेडिगेम्सही आहेत, पण तिथे कितीतरी खेळ असतात. आम्हाला फक्त टेनिसचीच हवी आहे.) यंदा सप्टेंबरअखेर युरोपात, लाल क्लेवर (विटांच्या भुकटीच्या कोर्टवर) खेळायचं, असं आम्ही दोघांनी तीन वर्षांपूर्वीच ठरवलं होतं.

आम्ही दोघे म्हणजे मी आणि दादा. दादा जनरल सर्जन, वय ६३. सत्तावीस वर्षं आम्ही पहाटे पावणेसहाला क्लबच्या मुरमाच्या कोर्टवर दुहेरी खेळतो आणि नऊ वाजता एकाच ऑपरेशन थिएटरमध्ये उभे असतो. त्यांचा हात पुढे कुठे जाणार हे मला टेबलाच्या डोक्याकडच्या बाजूला उभं राहून कळतं, तसंच नेटजवळही कळतं. असा जोडीदार पुन्हा मिळत नाही.

गेल्या वर्षी गणपती उठल्यावर चौथ्या दिवशी, अजून नुसतं नॉकिंग चालू होतं, तेव्हा दादांनी एक सोपा बॅकहँड सोडून दिला. चेंडू त्यांच्या पायाशी येऊन थांबला. ते चालत गेले आणि कोपऱ्यातल्या लोखंडी रोलरवर बसले. रोलर दवाने ओला होता. त्यांनी डावा हात त्यावर टेकला आणि म्हणाले, "जबडा दुखतोय रे." मी जवळ गेलो तर कपाळावर घामाचे थेंब, आणि आम्ही अजून पाच मिनिटंही खेळलो नव्हतो. मी गाडी थेट कोर्टाच्या दारात आणली. एलएडी, म्हणजे हृदयाला रक्त देणारी एक मुख्य धमनी, जवळजवळ बंद होती. स्टेंट एक पडला, आणि वेळेत पडला. ते उठले तेव्हा रोलरवरच्या दवात त्यांच्या पंज्याचा ठसा राहिला होता, तो आजही माझ्या डोळ्यांसमोर आहे.

तिसऱ्या दिवशी वॉर्डात दादांनी मला कोपनहेगनचा अभ्यास वाचून दाखवला. २०१८ साली मेयो क्लिनिकच्या नियतकालिकात आलेला. सुमारे साडेआठ हजार लोक, पंचवीस वर्षांपर्यंत पाठपुरावा. बैठं आयुष्य जगणाऱ्यांच्या तुलनेत टेनिस खेळणाऱ्यांचं आयुर्मान ९.७ वर्षांनी जास्त, बॅडमिंटनवाल्यांचं ६.२, जॉगिंगवाल्यांचं ३.२. हा निरीक्षणात्मक अभ्यास आहे. टेनिस खेळणाऱ्यांकडे पैसा, वेळ, मित्र हे सगळंच जास्त असू शकतं, त्यामुळे टेनिसनेच आयुष्य वाढलं असं यावरून म्हणता येत नाही. हे दादांना माझ्याइतकंच ठाऊक आहे. तरी त्यांनी तो कागद मला वाचून दाखवला आणि विचारलं, "सप्टेंबरला जायचं ना?"

त्यांचं रिहॅब व्यवस्थित झालंय. इजेक्शन फ्रॅक्शन (हृदयाची रक्त पुढे ढकलण्याची क्षमता) चांगलं आहे. सहा महिन्यांनी कार्डिओलॉजिस्टांनी दुहेरी खेळायला परवानगी दिली, एकेरीला मात्र अजून नाही. अ‍ॅस्पिरिन, टिकॅग्रेलॉर, मेटोप्रोलॉल, स्टॅटिन चालू आहे. मेळाव्याच्या वेळी वर्ष उलटून गेलेलं असेल. आता माझे प्रश्न.

पहिला, क्लेचा. आमचं मुरमाचं कोर्ट म्हणजे खडा वर आला की चेंडू कुठेही उडतो, आणि पाय घसरला तर घोटा गेलाच. तिथे आम्ही घसरणं टाळायला शिकलो. युरोपातल्या लाल क्लेवर वरचा थर विटांच्या भुकटीचा, आणि तिथे म्हणे घसरतच चेंडूपर्यंत जायचं असतं. हे साठीच्या आसपास शिकता येतं का? दोन-दोन अँटिप्लेटलेट (रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या) गोळ्या घेणारा माणूस त्या भुकटीवर गुडघ्यावर पडला तर रक्त लवकर थांबत नाही, ही माझी खरी धास्ती आहे. शूज कोणते घ्यावेत? गटिंगचा, म्हणजे रॅकेटच्या तारांचा, ताण किती ठेवावा? मिरजेत तंबोऱ्याच्या तारा हव्या तशा लावून मिळतात, रॅकेटचं गटिंग मात्र मी पुण्याहून करून आणतो, म्हणून आधीच ठरवावं लागेल.

दुसरा, विम्याचा. प्रवासविमा देणाऱ्या एकाने मला फोनवर सांगितलं, "अँजिओप्लास्टीचं फॉर्मवर टाकू नका डॉक्टर, कशाला हप्ता वाढवताय?" मला फार वाईट वाटलं. खोटं लिहून परदेशात जाणार नाही आणि दादांनाही नेणार नाही. खरं सांगून मिळणारा आणि टेनिस स्पर्धा चालणारा विमा कोणी काढला आहे का?

तिसरा, वयाचा. मला नोव्हेंबरमध्ये साठ पूर्ण होतील. आयटीएफच्या (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या) मास्टर्स, म्हणजे वयोगटांच्या स्पर्धांमध्ये ३१ डिसेंबरपर्यंत वय पूर्ण होत असेल तर त्या गटात धरतात. इथेही तसंच असेल तर आम्ही ६० वरच्या गटात खेळू, नाहीतर दादांना माझ्यामुळे पंचावन्नच्या पोरांशी खेळावं लागेल.

आणि शेवटचं, ज्यांनी स्टेंटनंतर पुन्हा स्पर्धात्मक खेळ सुरू केला, त्यांचे अनुभव. पुस्तकातलं मला माहीत आहे. कोर्टवर तिसऱ्या सेटमध्ये काय होतं ते ऐकायचं आहे.

प्रतिसाद: नेकरकाठ
डॉक्टर, मी स्टुटगार्टला गेली चौदा वर्षं आहे, मूळचा इस्लामपूरचा. इथे क्लबात सगळीकडे लाल क्लेच, त्याला झांडप्लात्झ म्हणतात. एप्रिलच्या शेवटी कोर्टं उघडतात आणि ऑक्टोबर लागला की बंद होतात, म्हणजे तुम्ही हंगामाच्या अगदी टोकाला येताय. सकाळी कोर्ट ओलं आणि जड असतं, चेंडू भिजून फुगतो. दुपारचा सामना मागता आला तर मागा.

घसरणं पंधरवड्यात येत नाही. तुम्ही शिकूही नका. दुहेरीत दादांना नेटजवळ ठेवा, बेसलाइनवरचं धावणं तुम्ही घ्या. चेंडू संथ आणि उंच येतो, त्यामुळे वेळ मिळतो, पण रॅली लांबतात. पॉइंट लवकर संपवणारी सर्व्ह अँड व्हॉली जोडी क्लेवरही जिंकते, फक्त पहिली सर्व्हिस आत पडायला हवी.

शूज क्लेचेच घ्या. तळव्यावर माशाच्या काट्यासारखी वळणावळणाची नक्षी असते, ती सगळ्या तळव्यावर हवी. दोन गेम झाले की तळव्यात भुकटी बसते, तेव्हा रॅकेटच्या कडेने बुटावर ठोकायचं. गटिंग नेहमीपेक्षा एक-दोन पौंड सैल करा, चेंडू खोल जातो आणि कोपरालाही बरं.

इथल्या रीती आधीच सांगतो. चेंडूचा ठसा कोर्टवर उमटतो, त्यावरून आत-बाहेर ठरतं. आपल्या बाजूचा ठसा आपण दाखवायचा. पायाने पुसलात तर पॉइंट सोडून दिला असं समजतात. सामना संपल्यावर कोर्ट सपाट करायची जाळी आपणच ओढायची, कडेकडून सुरुवात करून गोल गोल आत यायचं, मग ब्रशने रेषा साफ करायच्या. हे न करता निघून गेलात तर लोक बोलत नाहीत, पण लक्षात ठेवतात. जमल्यास तीन-चार दिवस आधी या. माझ्या क्लबात दोघांना खेळवीन, घरीच उतरा.

प्रतिसाद: खिडकी क्रमांक चार
पंधरा वर्षं व्हिसा आणि प्रवासविम्याचं काम केलंय. फॉर्मवर सगळं खरं लिहा, तुमचं बरोबर आहे. लपवलेला आजार निघाला की दावा नाकारतात आणि मग युरोपातल्या आयसीयूचं बिल घरच्यांवर येतं.

शेंगेनसाठी, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामाईक व्हिसासाठी, किमान ३०,००० युरोचं संरक्षण लागतं. पण ही अट व्हिसापुरती आहे. ती पुरी झाली म्हणजे जुना हृदयविकार धरला गेला, असं होत नाही. पॉलिसीत दोन ठिकाणी बोट ठेवून वाचा. एक, आधीपासूनच्या आजारातून जिवावर बेतणारी आणीबाणी आली तर किती रक्कम देणार. बऱ्याच ठिकाणी ती मूळ रकमेपेक्षा फार कमी असते. दोन, खेळाचं कलम. व्यावसायिक खेळ बहुतेक वगळलेला असतो, हौशी स्पर्धेबद्दल काय म्हटलंय ते पाहा. दोन्हींची उत्तरं कंपनीकडून ईमेलवर घ्या, फोनवरचं धरू नका.

अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. आयोजकांचं निमंत्रणपत्र जोडा आणि प्रवासाचा खरा हेतू लिहा. जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज, म्हणजे स्टुटगार्टला किती रात्री आणि स्पर्धेच्या गावी किती, हे आधी मोजा.

प्रतिसाद: तिसरा सेट
मी स्वतः फिजिशियन, पाच वर्षांपूर्वी स्टेंट, आता ६६. दादांनी नाडी मोजत खेळू नये. मेटोप्रोलॉलवर नाडी फारशी वरती चढत नाही, ११० वर असतानाही दम पूर्ण गेलेला असू शकतो. मी बोर्गच्या पट्टीवर (श्रम किती वाटतात ते आकड्यात सांगणाऱ्या) चालतो, ६ ते २० मधला १३ हा आकडा माझी मर्यादा. साध्या शब्दांत, बाजू बदलताना एक पूर्ण वाक्य न थांबता बोलता आलं पाहिजे. माझा जोडीदार दर वेळी मला काहीतरी विचारतो, उत्तर तुटलं की आम्ही वेळ घेतो.

मला त्रास तिसऱ्या सेटला झाला नाही. सामना संपवून एकदम खुर्चीत बसलो, तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी आली. शेवटच्या पॉइंटनंतर दहा मिनिटं चालायचंच. कोर्ट ओढणं त्यासाठी उत्तम आहे, ते दादांनाच करू द्या, हळूहळू.

जाण्याआधी स्ट्रेस टेस्ट, आणि ती गोळ्या चालू ठेवूनच. गोळ्या दोन ठिकाणी विभागून हातातल्या सामानात, चिठ्ठीवर जेनेरिक नावं, नायट्रेटचा स्प्रे रॅकेटच्या बॅगेत नव्हे तर खिशात. डिफिब्रिलेटर (हृदय बंद पडल्यास विजेचा झटका देणारं यंत्र) कुठल्या भिंतीवर आहे ते आयोजकांना पहिल्याच दिवशी विचारा. एवढे डॉक्टर जमतात, पण यंत्र कुठे आहे हे माहीत असणारा एक तरी हवा.

प्रतिसाद: सातारकर मावशी
सगळं वाचलं. वहिनींना विचारलंत का?

धागाकर्ता:
सर्वांचे मनापासून आभार. नेकरकाठ, तुम्ही घरी बोलावलंत, दादांनी तो प्रतिसाद दोनदा वाचला. व्यनि (खाजगी निरोप) केला आहे.

मावशी, नव्हतं विचारलं. तुमचा प्रतिसाद वाचला आणि संध्याकाळी गेलो. वहिनींनी आधी चहा टाकला. मग म्हणाल्या, त्या दिवशी तुम्ही दोघे कोर्टावरून थेट हॉस्पिटलात गेलात आणि मला फोन नऊ वाजता आला. मी म्हणालो, चुकलं माझं, वहिनी. मला खरंच सुचलं नव्हतं, हे खरं असलं तरी ते त्यांना सांगायला मला आठ महिने लागायला नको होते. त्यांनी होकार दिलाय, पण अटी त्यांच्या आहेत. त्या बरोबर येणार, प्रत्येक सामन्याला बाकावर बसणार, आणि त्यांनी हात वर केला की सामना सोडायचा, स्कोअर काहीही असो. दादांनी लगेच कबूल केलं. मीही केलं.

स्ट्रेस टेस्ट पुढच्या गुरुवारी आहे. ती ठीक आली तरच नाव नोंदवू. विम्याबद्दल दोन कंपन्यांना ईमेल केलाय, खेळाच्या कलमाचा स्पष्ट प्रश्न विचारून. वयाचं आयोजकांनाच पत्र लिहून विचारलं आहे, उत्तर आलं की इथे टाकतो. आजपासून बाजू बदलताना मी दादांना एक प्रश्न विचारतो. आज विचारलं, काल रात्री काय जेवलात. शेपूची भाजी, भाकरी आणि ताक, असं एका दमात सांगितलं.

आता तीन जणांची तिकिटं काढायची आहेत. मुंबईहून निघताना रॅकेट केबिनमध्ये नेऊ देतात की चेक-इनमध्येच टाकावी लागते, हे कोणी या वर्षी अनुभवलं असेल तर कृपया सांगा. दादांची रॅकेट जुनी आहे, फ्रेम बदलायला ते तयार नाहीत, आणि ती सामानात मोडली तर तशी दुसरी आता मिळत नाही.