धंदा करणाऱ्याची श्रद्धा आणि सरकारची सक्ती: हॉबी लॉबी निकालाविषयी काही प्रश्न

रावपुरा_छापखाना (प्रश्न)

सर्व सभासदांना नमस्कार. वडोदऱ्यात रावपुऱ्याला आमचा लग्नपत्रिका आणि हस्तपत्रके छापण्याचा घरचा छापखाना आहे. वशीकरण, करणी, मूठ असल्या जाहिरातींची हस्तपत्रके माझे वडील छापत नाहीत. गिऱ्हाइकाने दुप्पट पैसे देऊ केले तरी प्रूफ न काढताच ते कागद परत करतात. आपल्या श्रद्धेत हे बसत नाही, एवढेच ते सांगतात, आणि आजवर त्यांना कोणी अडवलेले नाही. मात्र उद्या सरकारनेच सांगितले की धंदा उघडला आहे तर हेही छापलेच पाहिजे, तर काय करायचे, हा विचार अमेरिकेतील एका खटल्याविषयी वाचताना मनात आला.

तेथे २०१० च्या आरोग्यसेवा कायद्याच्या आधारे सरकारने असा नियम केला की मालकाने कर्मचाऱ्यांच्या विम्यात गर्भनिरोधक साधनांचा खर्च धरलाच पाहिजे. कॅथलिक बिशपांनी आणि अनेक इव्हँजेलिकल (बायबलवर विशेष भर देणाऱ्या प्रोटेस्टंट) नेत्यांनी त्याला कडाडून विरोध केला, आणि हस्तकलेच्या सामानाची दुकाने चालवणारी हॉबी लॉबी ही कंपनी २०१४ साली सर्वोच्च न्यायालयात जिंकली. मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. चर्चमध्ये किंवा देवळात श्रद्धा पाळणे वेगळे आणि गल्ल्यावर बसून पाळणे वेगळे, असे सरकारने का मानू नये? आणि हे ख्रिस्ती नेते तत्त्वासाठी भांडत होते, की केवळ आपल्या माणसांसाठी?

न्यायमंदिर_वकील

पहिल्या प्रश्नाचे उत्तर १९९० पासून सुरू करावे लागेल. त्या वर्षी 'एम्प्लॉयमेंट डिव्हिजन विरुद्ध स्मिथ' या खटल्यात अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की कायदा सर्वांना सारखा लागू असेल आणि कोणत्याही धर्मावर रोख धरून केलेला नसेल, तर त्यातून धर्माच्या नावावर सूट मागता येत नाही. तो खटला मूळनिवासी अमेरिकनांच्या चर्चमध्ये विधीच्या वेळी पेयोटी ही मादक वनस्पती सेवन केलेल्या दोघांचा होता. त्या निकालाने इतकी खळबळ उडाली की १९९३ मध्ये काँग्रेसने, म्हणजे तेथील संसदेने, धार्मिक स्वातंत्र्य पुनर्स्थापना कायदा केला. सिनेटमध्ये तो ९७ विरुद्ध ३ मतांनी संमत झाला. या कायद्यानुसार केंद्र सरकारच्या एखाद्या नियमाने कोणाच्या धर्माचरणावर मोठा भार पडत असेल, तर सरकारला दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: नियमामागे अत्यंत निकडीचे सार्वजनिक हित आहे, आणि ते साधण्याचा याहून कमी जाचक मार्ग उपलब्ध नाही.

हॉबी लॉबीच्या मालक कुटुंबाचा आक्षेप सगळ्या गर्भनिरोधकांना नव्हता. नियमातील २० पद्धतींपैकी ज्या ४ पद्धती फलित बीजाला रुजू देत नाहीत असे ते मानत, तेवढ्यांनाच त्यांचा विरोध होता. त्या वगळून विमा दिला असता तर दिवसाला सुमारे १३ लाख डॉलर, म्हणजे वर्षाला जवळजवळ ४७.५ कोटी डॉलर दंड झाला असता. ३० जून २०१४ रोजी ५ विरुद्ध ४ मतांनी निकाल लागला. न्यायमूर्ती अलिटो यांच्या बहुमताने सरकारचे हित निकडीचे आहे असे गृहीत धरले आणि सगळा भर दुसऱ्या कसोटीवर दिला. धार्मिक ना-नफा संस्थांसाठी सरकारने आधीच एक तोडगा काढला होता: संस्थेने आक्षेप कळवायचा आणि विमा कंपनीने त्या साधनांचा खर्च स्वतंत्रपणे करायचा. तोच तोडगा कुटुंबाच्या हाती असलेल्या कंपनीला का लागू करू नये, या प्रश्नाला सरकारकडे समाधानकारक उत्तर नव्हते.

समलिंगी विवाहाचा केक नाकारणाऱ्या केकवाल्याचा २०१८ चा आणि तशा विवाहांची संकेतस्थळे तयार करू न इच्छिणाऱ्या महिलेचा २०२३ चा खटलाही पुष्कळदा याच ओळीत बसवला जातो, पण त्यांचे पाये निराळे आहेत. पहिल्यात राज्याच्या आयोगाने मालकाच्या धर्माविषयी दाखवलेला आकस निर्णायक ठरला, तर दुसरा अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर जिंकला गेला. आपल्या वडिलांचे उदाहरण खरे म्हणजे या दुसऱ्याच्या अधिक जवळचे आहे, कारण छापणे म्हणजे शब्द उमटवणे.

फत्तेगंजकर

मी प्रोटेस्टंट ख्रिस्ती आहे, म्हणून दुसऱ्या प्रश्नावर लिहितो.

छापखानेवाले भाऊ, आमच्याकडे श्रद्धा ही रविवारच्या उपासनेपुरती कधीच नव्हती. चक कॉल्सन, रॉबर्ट जॉर्ज आणि टिमोथी जॉर्ज या ख्रिस्ती विचारवंतांनी २००९ च्या नोव्हेंबरात तयार केलेल्या, धार्मिक स्वातंत्र्याचीही बाजू मांडणाऱ्या मॅनहॅटन जाहीरनाम्यावर कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि इव्हँजेलिकल अशा तिन्ही परंपरांच्या नेत्यांनी सह्या केल्या. कैसराचे, म्हणजे राजसत्तेचे, असेल ते कैसराला आम्ही कुरकुर न करता देऊ, पण देवाचे आहे ते कैसराला देणार नाही, अशा अर्थाने त्याचा शेवट होतो. कार्डिनल डोलन अध्यक्ष असताना अमेरिकेच्या बिशपांनी २०१२ च्या उन्हाळ्यात, २१ जून ते ४ जुलै, असा स्वातंत्र्याचा पंधरवडा पाळला. त्यांचे म्हणणे असे की सरकार उपासनेच्या स्वातंत्र्याला मान देते, परंतु रुग्णालय, शाळा किंवा दुकान चालवताना तीच श्रद्धा घराबाहेर ठेवायला सांगते. हे मला मनापासून पटते. जो माणूस रविवारी दुकान बंद ठेवून विक्रीवर पाणी सोडतो, त्याला सोमवारी तुझा धर्म येथे चालणार नाही असे सांगणे म्हणजे त्याचे आयुष्य मधोमध कापणे होय.

नेते तत्त्वासाठी भांडत होते का, याची पारख मात्र दुसऱ्याच्या श्रद्धेवर गदा येते तेव्हाच होते. १९९३ च्या कायद्यासाठी इव्हँजेलिकल, ज्यू आणि मुस्लिम संघटनांबरोबर नागरी हक्कवाल्या संघटनाही एकत्र आल्या होत्या, आणि त्याचे निमित्त पेयोटीचे होते, ख्रिस्ती उपासनेचे नव्हते, हे आम्हा लोकांना अभिमानाने सांगता येते. उलट १९६१ मध्ये फिलाडेल्फियाचे ज्यू दुकानदार न्यायालयात गेले होते. शनिवारी त्यांचा शब्बाथ आणि रविवारी कायद्याने दुकान बंद, म्हणजे आठवड्यातले दोन दिवस बुडत. ते हरले. ज्या कायद्यापायी ते हरले तो ख्रिस्ती रविवार जपणारा कायदा होता, ही बोच आमच्या मनात राहिली पाहिजे.

आपल्याकडेही पाहा. अहमदाबादचे कत्तलखाने पर्युषणाचे ९ दिवस बंद ठेवण्याचा महापालिकेचा ठराव गुजरात उच्च न्यायालयाने रद्द केला होता. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. २०२१ च्या नोव्हेंबरात आपल्याच शहरात अंडी आणि मांसाहाराच्या लाऱ्यांनी (हातगाड्यांनी) पदार्थ झाकून ठेवावेत अशा तोंडी सूचना निघाल्या. कढईत बुर्जी परतता परतता एका हाताने पुढचे फडके सारखे करणारे लारीवाले आपण सर्वांनी पाहिले आहेत. त्यांची बाजू घ्यायला आम्ही ख्रिस्ती लोक पुढे येत नसू, तर आमच्या मालकांसाठी मागितलेली सूट ही केवळ सवलत ठरेल.

कारेलीबाग_वाचक

वरच्या दोन्ही उत्तरांत काउंटरमागे उभ्या असलेल्या बाईचा विचार कोठे आहे, हे मला दिसले नाही. मी स्वतः अनेक वर्षे कपड्यांच्या दुकानात नोकरी केली आहे. मालक सज्जन होते, धार्मिकही होते, आणि त्यांच्या श्रद्धेचा मी आदर करत असे. परंतु माझ्या औषधपाण्याचा निर्णय त्यांच्या श्रद्धेने व्हावा, असे मला कधीही मान्य झाले नसते. विमा हा मालकाचा प्रसाद नाही, तो माझ्या पगाराचाच भाग आहे.

न्यायमूर्ती गिन्सबर्ग यांनी हॉबी लॉबी निकालातील आपल्या भिन्नमतात १९८२ च्या एका खटल्याचा आधार घेतला होता. आमिश या ख्रिस्ती पंथाच्या एका मालकाने कामगारांच्या सामाजिक सुरक्षेचा कर भरण्यास धार्मिक कारणाने नकार दिला होता. न्यायालयाने त्याला सांगितले की जो स्वेच्छेने व्यापारात उतरतो, त्याला स्वतःच्या श्रद्धेची बंधने त्या व्यवसायातील इतरांवर लादता येत नाहीत. मला हे वाक्य आजही अचूक वाटते.

वकीलसाहेब, ज्या तोडग्यावर बहुमताचा निकाल उभा होता त्याचे पुढे काय झाले, हेही सांगायला हवे. स्त्रियांचे काहीच नुकसान होणार नाही, असे २०१४ मध्ये गृहीत धरले गेले. २०१५ मध्ये तो तोडगा अशा कंपन्यांना लागूही झाला. पण २०१७ च्या नव्या नियमांनी धार्मिक आक्षेप असलेल्या मालकांना सरसकट सूट दिली आणि तोडगा ऐच्छिक केला. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते नियम करण्याचा सरकारचा अधिकार मान्य केला. म्हणजे कमी जाचक मार्ग आहे म्हणून जिंकायचे, आणि नंतर त्या मार्गावरूनही मागे फिरायचे, असे झाले. कमी मिळकतीच्या बाईला एका साधनाचा खर्च महिन्याच्या पगाराएवढा पडू शकतो, असे गिन्सबर्ग यांनी लिहिले होते, ते उगीच नव्हे.

फत्तेगंजकर

ताई, तुमचा मुद्दा मी नाकारत नाही. नेत्यांनी २०१४ मध्ये जी बाजू मांडली ती मला भक्कम वाटते, ती नेमक्या त्या तोडग्यामुळेच. कामगाराला तिचे सर्व मिळावे, फक्त ते मालकाच्या हातून जाऊ नये, एवढेच मागणे असेल तर मी त्याच्या पाठीशी उभा राहीन. तिला काहीच मिळू नये अशा सुटीचे समर्थन मला वधस्तंभाखाली उभे राहून करता येणार नाही. ख्रिस्ती मंडळींतही याबाबत एकमत नाही. २०१८ च्या केकच्या खटल्यात कित्येक धर्मगुरू राज्याच्या बाजूने उभे होते.

रावपुरा_छापखाना

सर्वांचे मनःपूर्वक आभार. वकीलकाका, एकच शेवटचे विचारतो: असा प्रसंग येथे आला तर वडिलांना आपल्या राज्यघटनेचा कितपत आधार मिळेल?

न्यायमंदिर_वकील

अमेरिकेइतका सरळ नाही. अनुच्छेद २५ सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य देतो, पण त्याच अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडाने धर्माचरणाशी निगडित आर्थिक व्यवहारांचे नियमन करण्याची मुभा सरकारला दिली आहे. शिवाय आपली न्यायालये आधी विचारतात की ही प्रथा त्या धर्माचा अत्यावश्यक भाग आहे का. वशीकरणाची पत्रके न छापणे हा तसा भाग आहे हे सिद्ध करणे कठीण जाईल. त्यातल्या त्यात १९८६ चा बिजो इमॅन्युएल खटला उपयोगी आहे. केरळच्या यहोवा साक्षी या ख्रिस्ती पंथातील तीन मुलांनी राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभे राहूनही ते गाण्यास नकार दिला होता, आणि न्यायालयाने त्यांची श्रद्धा प्रामाणिक आहे का, एवढेच पाहून त्यांना संरक्षण दिले.

माझा भर मात्र अनुच्छेद १९ वर राहील, कारण भाषणस्वातंत्र्य आणि व्यवसायस्वातंत्र्य ही दोन्ही तेथे आहेत. २०१६ च्या मध्य प्रदेशातील मॉडर्न डेंटल कॉलेजच्या निकालापासून निर्बंध प्रमाणबद्ध आहे का आणि कमी जाचक पर्याय होता का, हेही आपल्याकडे तपासले जाते. कंपनी नागरिक नसल्यामुळे तिला स्वतःच्या नावाने अनुच्छेद १९ मागता येत नाही. परंतु आपला छापखाना वडिलांच्या एकट्याच्या मालकीचा असेल, तर ती अडचण येणार नाही. याचिकेवर अर्जदार म्हणून त्यांचेच नाव लागेल.