फ्रिजच्या हँडलला सुतळी

वर एकांनी लिहिलंय की लॉकडाऊनमध्ये वादळाने लाईट गेली, पण ती रात्र मेणबत्तीच्या उजेडात गप्पा मारत मजेत गेली. आमची मजा दुसऱ्या दिवशी दुपारीच संपली. २०२० सालचे ते दिवस, शेजारी जाऊन फोन चार्ज करायचीही चोरी. पंधरा दिवसांचं सामान एकदम भरलेलं, म्हणून फ्रिज गच्च. मुलगा दर दहा मिनिटांनी दार उघडून आत डोकवायचा, आतला दिवा लागत नसला तरी! शेवटी सासूबाईंनी हँडलला सुतळी बांधून पक्की गाठ मारली. बरोबरच होतं त्यांचं. दार उघडलं नाही तर फ्रिज साधारण ४ तास थंड राहतो, गच्च भरलेला फ्रीजर ४८ तासांपर्यंत.

नवऱ्याची मीटिंग अर्ध्यात तुटली, त्याचं दुःख कुणालाच नव्हतं (त्यालाही नाही).

तीन फोन बंद ठेवून एकच चालू ठेवला, तर तो रेंज शोधून शोधून तापला. टॉवरच्या बॅटऱ्याही शेवटी संपतातच. फ्लाइट मोडवर टाकायचं उशिरा सुचलं.

लाईट आली तेव्हा सगळे पंखे एकदम गरगरले आणि राउटर उडाला. गेल्या गेल्या बटणं बंद करायला हवी होती.